दादाचं ड्रीम थिएटर, धाकट्याचं ओपेथ

'ताई, मी सातवीत होतो तेव्हा दादाने स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि ड्रीम थिएटर हा अमेरिकन मेटल बँड लावला. पुढची दहा वर्षं आम्हा दोघांचं तेच एक वेड होतं. गिटार शिकलो तीही त्यांच्या गिटारवाल्या पेट्रुचीसारखं वाजवायचं म्हणून. दोन वर्षांपूर्वी ओपेथ हा स्वीडिश मेटल बँड कानावर पडला आणि माझी गाडीच वळली. रात्री त्यांचा "डॅमनेशन" अल्बम ऐकताना डोळे भरून येतात. ड्रीम थिएटर लावलं की मात्र कुणीतरी गणिताचा पेपर सोडवून दाखवतंय असं वाटतं. दादाला हे बोललो, तर तो म्हणाला, "तुझ्या त्या ओपेथवाल्याला आधी खोकल्याचं औषध दे." मग मीही ड्रीम थिएटरचा गायक जेम्स लाब्री याच्या आवाजाबद्दल बोलू नये ते बोललो. महिना झाला, आमचं बोलणं कामापुरतं उरलंय. ओपेथ सरस आहे हे मुद्द्यांनिशी लिहून द्याल का? तुमचं सदर तो वाचतो. – धाकटा'

प्रिय धाकट्या,

वकीलपत्र द्यायला आलास आणि वकीलबाई दोन्ही पक्षांची नातेवाईक निघाली, असं झालंय तुझं. ड्रीम थिएटर मी कॅसेटच्या काळापासून ऐकतेय आणि ओपेथची सवय लागल्यालाही आता वीस वर्षं होत आली. मुद्दे हवे तेवढे देते, पण ते सगळे तुझ्याच पारड्यात पडतील अशी आशा धरू नकोस. आणि हो, खोकल्याच्या औषधावर मी हसले. दादाला कळवू नकोस.

आधी तुझी लबाडी. 'गणिताचा पेपर' म्हणताना तुझ्या डोक्यात 'द डान्स ऑफ इटर्निटी' वाजत असणार, पैज लावते. आणि ओपेथचं नाव घेताना तू पुढे करतोस 'डॅमनेशन'. म्हणजे एका बँडची सगळ्यात कसरतीची रचना आणि दुसऱ्याचा सगळ्यात हळवा अल्बम. दादा हेच उलट्या बाजूने करतो. त्याच्या मनात 'द स्पिरिट कॅरीज ऑन'सारखं, सगळ्यांनी हात उंचावून म्हणावं असं गाणं असतं आणि ओपेथचा मात्र त्याने फक्त घसाच ऐकलाय. दोघांच्याही मापात पाप आहे. अशा तराजूवर कुणीही जिंकू शकतं.

आता हे दोघं मुळात आले कुठून ते बघ, कारण पुढचा बराचसा फरक तिथेच पडलाय.

ड्रीम थिएटर जन्माला आलं ते संगीताच्या कॉलेजात. १९८५, बॉस्टन, बर्कली. लाँग आयलंडचे दोन शाळासोबती, जॉन पेट्रुची आणि जॉन मायंग, तिथे शिकायला गेले आणि त्यांना ड्रम वाजवणारा माइक पोर्टनॉय भेटला. बँडचं पहिलं नाव मॅजेस्टी. ते आधीच दुसऱ्या कुणाचं असल्याचं कळल्यावर पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या एका थिएटरचं नाव सुचवलं. या मुलांना रश आणि येस या बँडांचा गुंतागुंतीचा प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, हवा होता आणि मेटॅलिका, आयर्न मेडन यांचा दणकाही हवा होता. कॉलेजातल्या सरावाच्या खोल्यांत तासन्‌तास घासून त्यांनी ते दोन्ही एकत्र बसवलं. तो सराव त्यांच्या संगीतात आजही ऐकू येतो, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नाही.

ओपेथ स्टॉकहोमचं, नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावरचं. तिथे तेव्हा डेथ मेटलचं, म्हणजे जडशीळ गिटार आणि गुरगुरत्या गाण्याचं, रान पेटलं होतं आणि ओपेथचा गायक-गिटारवाला मिकाएल ओकरफेल्ट त्या रानातलाच पोरगा. पण तो जुन्या तबकड्यांचा पक्का शौकीन. सत्तरच्या दशकातला, लोकांनी अडगळीत टाकलेला प्रोग आणि लोकसंगीत हा माणूस शोधून शोधून जमवत होता. या दोन आवडी एका गाण्यात एकत्र नांदू शकतात असं त्याला वाटलं आणि बाकी सगळं त्यातून आलं. अगदी सुरुवातीची ओपेथची गाणी मला अजूनही टाके दिसणाऱ्या गोधडीसारखी वाटतात. १९९६च्या 'मॉर्निंगराइज'वर एक गाणं तब्बल २० मिनिटांचं आहे. तुकडे एकाहून एक सुंदर, पण हा तुकडा त्याच्यानंतर का येतो, हे त्यालाही तेव्हा ठाऊक होतं का, अशी शंका येते. १९९९च्या 'स्टिल लाइफ'पर्यंत टाके दिसेनासे झाले. २००१च्या 'ब्लॅकवॉटर पार्क'ला स्टीव्हन विल्सन निर्माता म्हणून आला आणि एकेका वाद्याला श्वास घ्यायला जागा मिळाली.

दोन्ही बँड लांबलचक गाणी करतात. त्या लांबीचं करतात काय, हा प्रश्न दादाला विचार. तुमच्या भांडणाची गाठ मला तिथे दिसते. ड्रीम थिएटरच्या दहा मिनिटांत सतत काहीतरी घडत असतं. एक कल्पना आली की तिला उलटं करून बघायचं, मग दुप्पट वेगात, मग कीबोर्डच्या हाती सोपवून, मग गिटार आणि कीबोर्ड दोघांनी मिळून, सूर न् सूर जुळवत. ओपेथच्या दहा मिनिटांत मोजून चार-पाच प्रसंग असतात आणि प्रत्येकात तुला बसवून ठेवलेलं असतं. उठायचं कधी, ते ठरवणारा ओकरफेल्ट. एका बँडला वेळ भरून काढायला आवडतं, दुसऱ्याला तो जाऊ द्यायला.

तुझ्या त्या गणिताच्या पेपराकडे येऊ. 'द डान्स ऑफ इटर्निटी' १९९९च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' या अल्बमवर आहे. जेमतेम सव्वासहा मिनिटांची वाद्यरचना आणि तिच्यात लयीचं माप १०० हून अधिक वेळा बदलतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सम कुठे आहे हे कळेपर्यंत आवर्तनच बदललेलं असतं. सातच्या हिशेबाने मान डोलवायला लागावं, तर समोरचे पाचवर गेलेले, आणि तू पाच पकडलेस की ते तिसरीकडेच. एवढं सगळं खरं. पण या सगळ्याच्या ऐन मध्यात अचानक एक जुन्या वळणाचा, उड्या मारत चालणारा रॅगटाइम पियानो येतो. तो पुन्हा नीट ऐक. ती माणसं हसतायत, धाकट्या. परीक्षेला बसलेला माणूस असं हसत नाही. झाडाच्या एका फांदीवरून दुसरीवर झेप घेणारं पोर हसतं, तसं ते हसणं आहे. बघ, पडलो नाही!

शिवाय ही रचना एकटी उभी नाही. हा अल्बम म्हणजे एक अखंड गोष्ट आहे. संमोहनाखाली एका माणसाला गेल्या जन्मातली एक मुलगी आणि तिचा खून दिसत जातो. १९९२च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'वर एक 'मेट्रोपोलिस – भाग १' होतं. तो 'भाग १' निव्वळ गमतीत लिहिलेला, दुसरा भाग करायचा कुणाचाच बेत नव्हता. चाहत्यांनी इतकी वर्षं पिच्छा पुरवला की शेवटी आख्खा अल्बमच दुसरा भाग म्हणून निघाला. त्या जुन्या गाण्यातल्या सुरावटी या 'डान्स'मध्ये मोडून, वाकवून परत येतात. ज्याला पहिलं गाणं पाठ आहे त्याला ओळखीचे चेहरे आरशांच्या खोलीत दिसावेत तसं होतं. तू दहा वर्षं ते ऐकलंयस. तुला ते नुसतं गणित वाटत असेल तर तू ऐकणं सोडून मोजायला लागलायस.

आणि ज्यात गणित आहे आणि तुला कधी कळलंही नसेल असं एक सांगते. 'इमेजेस अँड वर्ड्स'वर 'वेट फॉर स्लीप' आहे. अडीच मिनिटं, तेव्हाचा कीबोर्डवाला केव्हिन मूर याचा पियानो, थोडे कीबोर्ड आणि लाब्रीचा आवाज, बस. ना ड्रम, ना गिटार. त्या पियानोच्या मात्रा सारख्या कमीजास्त होत राहतात, पण ऐकताना वाटतं की झोप न येणारं कुणीतरी कूस बदलतंय. मग लगेच पुढचं साडेअकरा मिनिटांचं 'लर्निंग टू लिव्ह' सुरू होतं आणि त्याच्या पोटात, कितीतरी वेळाने, तीच पियानोची सुरावट पुन्हा डोकावते. हे जमवायला बोटांच्या वेगाचा काही उपयोग नाही.

'डॅमनेशन'ने डोळे भरतात ना तुझे? मग आज रात्री १९९४च्या 'अवेक'चं शेवटचं गाणं लाव, 'स्पेस-डाय व्हेस्ट'. मूरचं गाणं. अल्बम बाजारात यायच्या आधीच तो बँड सोडून गेला होता, आणि गाणं ऐकताना ते अंगावर येतं. पेट्रुचीसारखा गिटारवाला हाताशी असूनही त्यात एकही गिटार सोलो नाही. सात-साडेसात मिनिटं नुसता एक माणूस पियानोपाशी खचत जातो. हे गाणं कुणाचं हे न सांगता तुला ऐकवलं असतं, तर तू नक्कीच म्हणाला असतास, 'बघा, हे ड्रीम थिएटरला कधी सुचलं नसतं.'

दादाच्याही चुका आहेत, त्याला वाचायला दे.

दादा, तो आवाज खोकला नव्हे. ग्राउल, म्हणजे ती घशातली गुरगुर, काढताना आपल्या नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर ज्या आणखी दोन घड्या असतात, त्या थरथरवाव्या लागतात. बोलताना त्या गप्प पडून असतात. श्वासावर ताबा नसेल तर दोन गाण्यांत घसा कामातून जातो, आणि ओकरफेल्ट दोन-दोन तासांचे कार्यक्रम करतो. पण कष्ट आहेत म्हणून आवडून घे असं मी म्हणणार नाही. कष्ट तर कशातही असतात. मुद्दा असा की त्याच माणसाचा दुसरा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. स्वच्छ, मऊ, थोडा दबका, आपल्याशीच बोलल्यासारखा. दोन्ही आवाज एकाच घशातले आहेत आणि अर्धा खेळ त्यातच आहे.

'ब्लॅकवॉटर पार्क'वरचं 'द ड्रेपरी फॉल्स' ऐका. अकरा मिनिटांना थोडं कमी. सुरुवातीची ती लांब ओढलेली गिटारची धून, खाली अकूस्टिक गिटार, आणि मग तो मऊ आवाज. गाणं जवळजवळ निम्म्यावर येईतो सगळं असंच, तुम्हाला तक्रारीला जागाच नाही. आणि मग ग्राउल येतो. तोपर्यंत त्या माणसाने जे आवरून धरलं होतं ते सुटतं. त्या क्षणी तोच मऊ आवाज आणखी वरच्या पट्टीत चढला असता, तर दुःख थोडं मोठ्याने सांगितल्यासारखं झालं असतं, इतकंच. इथे सांगणाराच बदलतो. शब्द कळत नाहीत ही तक्रार मान्य, पहिल्या वेळी समोर छापील शब्द ठेवून ऐका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून तो आवाज गिटारच्या शेजारचं आणखी एक वाद्य होतो, सगळ्यात खालच्या पट्टीतलं.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतेय? मी स्वतः 'ब्लॅकवॉटर पार्क' पहिल्यांदा लावला तेव्हा पहिल्याच गाण्यात पहिला ग्राउल आला आणि मी तो बंद करून टाकला. कपाटात गेला तो कितीतरी महिने. नंतर कुणीतरी 'डॅमनेशन' दिला, तोही 'हा ओपेथचा आहे' हे न सांगता. 'विंडोपेन' संपेपर्यंत मी जागची हलले नाही. नाव कळल्यावर कपाट उघडलं. मी मागच्या दाराने ओपेथमध्ये शिरले, धाकट्या, आणि दादालाही समोरच्या दाराने ढकलू नकोस. समोरच्या दारात कुत्रा बांधलेला आहे.

'डॅमनेशन'ची जुळी बहीण तुला ठाऊक असेलच, 'डिलिव्हरन्स'. दोन्ही एकाच काळात रेकॉर्ड केलेले. 'डिलिव्हरन्स' २००२च्या अखेरीस आला, 'डॅमनेशन' २००३मध्ये. एकात सगळा राग, दुसऱ्यात सगळी ओल. 'डिलिव्हरन्स'चं शीर्षकगीत साडेतेरा मिनिटांचं आहे आणि तुम्हा दोघांच्या वादाचा निकाल माझ्या मते त्याच्या शेवटाशी लागतो. निकाल म्हणजे कोण मोठं हा नव्हे, फरक काय एवढाच. शेवटी एक अडखळती, दचके देणारी लय सुरू होते. गिटार, बास, ड्रम एका मुठीत आवळलेले. आणि ती संपत नाही. मिनिटं जातात, तीच लय. ड्रमवाला मार्टिन लोपेझ झांजांवर इकडेतिकडे बारीक काहीतरी बदलतो, बाकी तेच. आधी तू ठोके मोजतोस. मग मोजणं चुकतं. मग मोजायचं राहूनच जातं, आणि लय थांबते तेव्हा पायाखालची फळी काढून घेतल्यासारखं होतं.

हीच लय पेट्रुची, मायंग आणि पोर्टनॉय यांना सापडली असती, तर अर्ध्या मिनिटात त्यांनी तिची तीन रूपं करून दाखवली असती आणि तिसऱ्या रूपावर जॉर्डन रूडेसने कीबोर्डवर आकाशात भरारी मारली असती. तेही मला आवडलं असतं! पण पायाखालची फळी हलली नसती. उलट ओपेथने 'डान्स ऑफ इटर्निटी' करायला घेतलं असतं, तर तो रॅगटाइमचा हशा त्यांना कधीच साधला नसता. ओकरफेल्ट मंचावर दोन गाण्यांच्या मध्ये कोरडे विनोद करून लोकांना लोळवतो, पण गाण्याच्या आत तो हसत नाही.

तू गिटार वाजवतोस म्हणून थोडं हाताबद्दल. पेट्रुचीचा एकेक सूर सुटा ऐकू येतो, कितीही वेगात असला तरी. उजव्या हातातलं पिक वर-खाली, वर-खाली, एकही ठोका गिळलेला नाही. ही शिस्त तू दहा वर्षं घोटलीस, ती फेकून देऊ नकोस. ओपेथची अकूस्टिक गिटार वाजवायला घेशील तेव्हा तीच शिस्त उपयोगी पडेल, कारण तिथे वेग नाही आणि म्हणून चूक लपत नाही. एकेक तार सुटी छेडायची आणि आधीची तार वाजत असताना पुढची तिच्यात मिसळू द्यायची. कर्कश आणि गोड यांच्या सीमेवरचे ते स्वरसमूह बोटं ताणल्याशिवाय बसत नाहीत. 'स्टिल लाइफ'वरचं 'फेस ऑफ मेलिंडा' घे. मार्टिन मेंडेझचा पडद्यांशिवायचा बास खालून कसा घसरत येतो ते आधी ऐक, मगच गिटार उचल. आणि २००८च्या 'वॉटरशेड'वरच्या 'बर्डन'चा शेवट. वाजवणारा वाजवतोय आणि दुसरा माणूस त्याच वेळी गिटारच्या खुंट्या पिळून तारा उतरवत नेतोय, सूर वितळत जातो. हे तुम्ही दोघांनी मिळून करून बघायला हरकत नाही. खुंट्या दादाला पिळू दे, सध्याच्या मूडमध्ये त्याला जमेल.

शब्दांच्या बाबतीत मी दोन्ही बँडांना फारसे गुण देत नाही. ओपेथची भुतं आणि धुकं काही वेळाने एकसारखी वाटायला लागतात. ड्रीम थिएटर कधीकधी असं बोलतं की वाटावं, कुणीतरी पाठीवर थाप मारून समजावतंय. आणि २००३च्या 'ट्रेन ऑफ थॉट'मधले काही सोलो माझ्यासारख्या भक्तालाही लांबतात. दादाने हे वाचलं तर वाचू दे.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण पत्रभर तीच आहे. ड्रीम थिएटर तुला दादाने दिलं. ओपेथ तुझं तुला सापडलं. त्याने दिलेल्या गोष्टीत खोट काढल्याशिवाय तुला स्वतःची गोष्ट मिरवता येईना, आणि त्याला वाटलं की पोराने हेडफोन काढून तोंडावर फेकले. 'तुझ्यामुळेच इथवर आलो' हे एक वाक्य मध्ये आलं असतं, तर खोकल्याच्या औषधापर्यंत वेळ आली नसती. ओपेथकडे जायचा रस्ता तुझ्यासाठी ड्रीम थिएटरच्याच दारावरून गेलाय. दहा मिनिटांचं गाणं न कंटाळता ऐकायचा कान तुला कुणी दिला?

लाब्रीबद्दल जे बोललास ते तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखते. उंच पट्टीत चिरकतो, वगैरे. १९९४च्या डिसेंबरात हा माणूस क्यूबात सुट्टीवर गेला होता. अन्नातून विषबाधा झाली आणि उलट्यांच्या जोराने त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाला विश्रांती हवी. काही आठवड्यांत तो जपानच्या दौऱ्यावर गात होता. नंतरची कित्येक वर्षं तो त्या जखमेशी झगडत गायलाय. त्याचा आवाज आवडायलाच हवा असं नाही, मलाही सगळीकडे आवडत नाही. पण दादाने ती वर्षं त्या आवाजाबरोबर काढलीत. तिथे तू जपून बोलायला हवं होतंस.

माणसं आली-गेली, ते भराभर सांगते, कारण त्यावर तुम्ही उगीच एक संध्याकाळ घालवाल. २०१०मध्ये पोर्टनॉय बाहेर पडला, माइक मँजिनी आला, आणि बँडला 'द एलियन'साठी ग्रॅमी मिळालं ते २०२२मध्ये, मँजिनी ड्रमवर असतानाच. २०२३मध्ये पोर्टनॉय परतला आणि २०२५मध्ये 'पॅरासोम्निया' आला. तिकडे ओपेथने २०११च्या 'हेरिटेज'पासून ग्राउलच सोडून दिला आणि तुझ्यासारखेच कट्टर चाहते खवळले. २०२४च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये तो परत आला, जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश बँडच्या इअन अँडरसनची बासरी आणि निवेदन सोबत घेऊन. म्हणजे 'खरं ओपेथ कोणतं' यावर ओपेथवालेच तेरा वर्षं आपसात भांडत होते. तुमचं भांडण जरा उशिरा सुरू झालं, इतकंच. दादाला मधल्या काळातलं काही द्यायचं असेल तर 'हेरिटेज' देऊ नकोस, तो तुटक आहे. २०१४चा 'पेल कम्युनियन' दे. त्यात त्याला येस आणि रशच्या घराण्याची माणसं भेटतील.

पण त्याच्याही आधी एक कर. २००८मध्ये आणि पुन्हा २००९मध्ये ड्रीम थिएटर आणि ओपेथ एकाच दौऱ्यावर होते. 'प्रोग्रेसिव्ह नेशन' नावाचा तो दौरा पोर्टनॉयच्या डोक्यातून निघाला होता. म्हणजे तुम्ही ज्या दोघांना भांडायला लावताय, ते रोज संध्याकाळी एकाच मंचावर एकापाठोपाठ वाजवत होते. आणि त्याच्याही एक वर्ष आधीची गोष्ट तुझ्या दादाच्या संग्रहात असणार, नसेल तर मला आश्चर्य वाटेल. २००७चा ड्रीम थिएटरचा अल्बम, 'सिस्टिमॅटिक केऑस'. त्यावर 'रिपेंटन्स' हे गाणं आहे. दारू सोडल्यानंतर पोर्टनॉयने अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांवर पाच अल्बमांत मिळून पाच गाणी लिहिली, त्यातलं हे चौथं. ज्यांना दुखावलं त्यांची आठवण काढून माफी मागण्याच्या पायऱ्या यात येतात.

दहा मिनिटांहून थोडं जास्त. तू ते गेल्या दोन वर्षांत ऐकलेलं नसणार, नाहीतर हे पत्र लिहिलं नसतंस. मंद, एकाच सुरावटीभोवती फिरत राहणारं, लाब्री जवळजवळ कुजबुजत गातोय, कुणालाच घाई नाही. ड्रीम थिएटरने वेळ जाऊ दिलाय. आणि गाणं पुढे सरकतं तसे त्यात बोलके आवाज मिसळायला लागतात. पोर्टनॉयने ओळखीच्या वादकांना आणि गायकांना विचारलं होतं की आयुष्यात कुणाची माफी मागायची राहिलीय का, आणि त्यांनी आपापल्या आवाजात ती रेकॉर्ड करून दिली. जो सॅट्रियानी आहे, स्टीव्ह वाय आहे, येसचा जॉन अँडरसन आहे, स्टीव्हन विल्सन आहे. आणि त्या गर्दीत मिकाएल ओकरफेल्टही आहे, न खोकता बोलणारा.

दादाच्या खोलीत जा, हेडफोन त्याच्या कानांवर चढव आणि हे लाव. ओपेथचा विषय काढू नकोस. गाणं संपल्यावर सांग की इतकी वर्षं त्याच्याच अल्बममध्ये कोण बसून आहे.

– ताई